परसातला चुका आणि विलायतेतली रेवाचिनी

इंग्रजीच्या एखाद्या गोष्टीत ‘रूबार्ब’ हा शब्द आला की वर्गात पंचाईत होते. कोशात अर्थ सापडतो ‘रेवाचिनी’. रेवाचिनी म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी पिवळट, कडवट, रेचक मुळी. गोष्टीतली मुले तर रूबार्ब साखर घालून आवडीने खात असतात! दोन्ही अर्थ बरोबर आहेत. एकाच प्रजातीतल्या वनस्पतींची मुळी औषधात गेली आणि देठ स्वयंपाकघरात. बीड जिल्ह्यातल्या मुलांना हे समजावून द्यायला फार लांब जायला नको. या वनस्पतीचा एक नातेवाईक हिवाळ्यात त्यांच्या परसात वाढतो. तो म्हणजे चुका.

चुका आणि रूबार्ब एकाच कुलातले, पॉलिगोनेसी कुलातले. चुक्याचे एखादे झाड न खुडता फुलावर जाऊ द्यावे. बियांभोवती कागदासारखे पातळ, लालसर पंख दिसतात. रूबार्बच्या बीजालाही असेच तीन पंख असतात.

आधी मुळीची हकिकत पाहू. ‘रेवाचिनी’ हा शब्द फारसी ‘रेवंद-ए-चिनी’वरून आला, म्हणजे चीनची रेवंद. चीनच्या डोंगराळ भागातली ही मुळी मध्य आशियातून उंटांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडे जाई. 18व्या शतकात रशियन सरकारने सरहद्दीवरच्या क्याख्ता या गावी तिची तपासणी आणि व्यापार आपल्या हाती ठेवला होता. युरोपात तीच मुळी कधी ‘रशियन’ तर कधी ‘तुर्की’ म्हणून विकली जाई. नाव वाटेतल्या मुलुखाचे, माल चीनचा. 1839 साली अफूचा व्यापार थांबवावा म्हणून चिनी अधिकारी लिन झेशू यांनी व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिले. चहा आणि रेवाचिनीवाचून परदेशी लोकांचे चालणारच नाही, असा त्यांचा समज त्यात दिसतो. रेचक रोखून साम्राज्य नमवण्याची ही कल्पना आज हसू आणते, पण एका मुळीची पत केवढी होती ते त्यातून कळते.

या मुळीसाठी युरोपीयांनी आपल्या बागांत रूबार्ब लावून पाहिला. पुढे साखर स्वस्त झाली आणि त्याच्या आंबट देठांना गिऱ्हाईक मिळाले. 1817 च्या सुमारास लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानात काही गड्डे चुकून मातीखाली झाकले गेले. अंधारात वाढलेले त्यांचे देठ नेहमीपेक्षा कोवळे आणि गोड निघाले. तेव्हापासून रूबार्ब मुद्दाम अंधारात वाढवण्याची रीत पडली.

पण पानांचे काय? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नटंचाई असताना रूबार्बची पाने भाजी म्हणून खावीत, असा सल्ला दिला गेला. त्यातून विषबाधा झाल्या, काही माणसे दगावली. दोष ऑक्झॅलिक आम्लावर आला. आम्हाला इथे वर्गात एक हिशेब करून घ्यावासा वाटतो. पानांत हे आम्ल सुमारे अर्धा टक्का असते. घातक मात्रा 15 ग्रॅम धरली तरी 3 किलो पाने खावी लागतील. मग थोड्या भाजीने माणसे कशी दगावली? म्हणूनच पानांतल्या अँथ्राक्विनोन वर्गातल्या द्रव्यांवरही संशय घेतला जातो. खुलासा अजून पुरता झालेला नाही. रूबार्बचे पान मात्र खायचे नाही, हे पक्के.

हेच ऑक्झॅलिक आम्ल चुक्याला आणि कुंड्यांत उगवणाऱ्या आंबुशीला आंबटपणा देते. आंबुशीच्या ‘ऑक्झॅलिस’ या प्रजातीवरूनच आम्लाला नाव मिळाले. 1776 मध्ये शील आणि बर्गमन यांच्या खटपटीतून साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून एक आम्ल तयार झाले. ते आणि आंबट पाल्यातले आम्ल एकच आहे, हे शीलने 1784 मध्ये दाखवले. पुढे 1824 मध्ये वोलरने सायनोजेनपासून ते बनवले. वोलरचा 1828 चा यूरिया आपण सगळेच शिकवतो. वनस्पतीतला हा पदार्थ त्याने चार वर्षे आधीच बनवला होता, हे सांगायचे राहून जाते.

रूबार्ब बीडला लावता येईल का? नाही म्हटलेले बरे. त्याच्या गड्ड्याला हिवाळ्यात कडक थंडीची झोप लागते, आणि आपल्याकडचा मे महिना त्याला सोसणार नाही. चुक्याला असे लाड नकोत. दिवाळीच्या आगेमागे वाफ्यात बी फेकावे, बेताचे पाणी द्यावे; दीड महिन्यात पाला खुडायला येतो. ऊन तापू लागले की तो फुलावर जातो.

आपल्याकडे चुक्याची पातळ भाजी डाळ, शेंगदाणे आणि गूळ घालून करतात. ती कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात करू नये. आम्ल धातू सोडवते. ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे चुक्यातले कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात, तेव्हा ज्यांना ते झाले आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ही भाजी खावी.

ही धरपकड वर्गातही दिसते. चुक्याचा पाला वाटून रस गाळून घ्यावा आणि त्यात चुन्याची निवळी ओतावी. पांढरा साका बसतो, तो मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. त्यावर व्हिनेगर घातले तर तो तसाच राहतो, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर विरघळतो.