दूरची वाट आणि जवळचा देव

यंदाच्या उपवासकाळापूर्वी आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी आठ दिवसांच्या ध्यानसाधनेसाठी विमानाने युरोपला जाण्याचे ठरविले. "फादर, मार्गदर्शक म्हणून तुम्हीही चला," असा त्यांचा आग्रह होता. पूर्वी अशा एका यात्रेला मी गेलो होतो आणि तिचा मला लाभही झाला होता. तरीही या खेपेस उत्तर देण्यापूर्वी ख्रिस्तसभेचा इतिहास पुन्हा चाळावासा वाटला.

चौथ्या शतकात पवित्र भूमीच्या यात्रांना मोठा बहर आला होता. त्याच काळात कप्पदुकियातील निस्सा येथील बिशप संत ग्रेगरी यरुशलेमला जाऊन आले. त्यानंतर त्यांनी एका पत्रात बजावले, की ही यात्रा प्रभूच्या आज्ञांपैकी नव्हे आणि जागा बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही. संत जेरोम तर इ. स. ३८६ पासून बेथलेहेमातच राहत होते. परंतु पॉलिनस यांना लिहिताना त्यांनी सांगितले, की स्वर्गाचे दार यरुशलेमहून जितके खुले तितकेच ब्रिटनहूनही खुले आहे. पवित्र भूमी डोळ्यांनी पाहिलेल्यांनीच हे लिहावे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संत इग्नाशिअस लोयोला १५२२ च्या मार्चमध्ये मान्रेसा या गावी थोडे दिवस थांबण्याच्या विचाराने आले आणि सुमारे अकरा महिने राहिले. त्यांच्या साधनेचा पाया तेथेच घातला गेला. यरुशलेमला ते पोहोचले ते त्यानंतर, १५२३ साली. तेथे कायम राहण्याचा त्यांचा संकल्प फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. पुढे १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला मान्यता दिली. ज्याला कामधंदा सोडून एकांतात जाता येत नाही, त्याने रोज दीड तास काढून आपल्या ठिकाणीच साधना करावी, अशी सोय त्या ग्रंथात आहे.

दूर जाणे सर्वस्वी व्यर्थ, असा मात्र याचा अर्थ नव्हे. फ्रान्सचे बेनेडिक्टाइन संन्यासी आँरी ल सो, म्हणजेच स्वामी अभिषिक्तानंद, १९४८ साली भारतात आले. १९७३ मध्ये इंदूर येथे देहावसान होईपर्यंत ते मायदेशी परतले नाहीत. त्यांनी एकदाच वाट धरली आणि त्यासाठी सारे आयुष्य दिले. आज परदेशी साधक दहा दिवसांच्या विपश्यनेसाठी इगतपुरीला येतात आणि आपण आठ दिवसांच्या मौनासाठी युरोपला जातो. आकाशात दोघांची विमाने एकमेकांना ओलांडून जात असतील!

ग्रेगरी आणि जेरोम यांच्यापुढे नसलेला एक प्रश्न आज आपल्यापुढे आहे. एक किलो विमानइंधन जळले, की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. मुंबई ते रोम जाण्यायेण्याचे अंतर बारा हजार किलोमीटरहून जास्त आहे. त्या प्रवासात एका प्रवाशाच्या वाट्याला साधारण एक टन येतो. सरासरी भारतीय माणसाचा वर्षभराचा वाटा दोन टनांच्या आसपास आहे. यात्रेचे पुण्य यात्रेकरूच्या पदरी पडते. तापणाऱ्या हवेचा आणि चढत्या समुद्राचा भार मात्र कधीही विमानात न बसलेल्या कोळ्यावर आणि शेतकऱ्यावर पडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले, ते याचसाठी. ज्या मौनात हा आक्रोश ऐकू येत नाही, ते मौन अपुरे आहे.

मी यात्रेला गेलो नाही. जाणाऱ्यांना आशीर्वाद दिला, दोष दिला नाही. तो देण्याचा अधिकार माझ्यापाशी उरलेला नाही. उपवासकाळात रोज पहाटे मंदिर दीड तास उघडे ठेवले. पहिल्या दिवशी चौघेच आले. त्यांत एक आजी होत्या. घरापासून मंदिरापर्यंतची वाट त्या काठी टेकत चालत आल्या होत्या. त्या दिवशी यात्रा घडली ती त्यांना, असे मला वाटते.