निवडणूक आयुक्ताची नेमणूक आणि संसद: संविधान सभेत अपुरा राहिलेला प्रश्न

उच्च पदावरील व्यक्तीची नेमणूक सरकारने करावी, हे सर्वमान्य आहे. पण त्या व्यक्तीला सरकारवरच लक्ष ठेवायचे असेल तर? पोलादाची प्रत तपासणारा उत्पादन विभागाच्या मर्जीवर अवलंबून नसावा, हे भिलाईत शिकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेत न्यायाधीश व वरिष्ठ अधिकारी यांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. ब्रिटनमध्ये 2008 पासून काही पदांच्या उमेदवारांना संसदेच्या समितीसमोर प्रश्नोत्तरांसाठी बोलावले जाते. मात्र समितीचे मत मंत्र्यावर बंधनकारक नसते. भारतात अशी पद्धत नाही. याची कारणे 1949 च्या चर्चेत सापडतात.

24 मे 1949 रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळाच्या संमतीची अट नाकारली. ही पद्धत किचकट होईल आणि नेमणुकीत राजकीय दबाव शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

तीनच आठवड्यांनी हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. 15 जूनला मुख्य निवडणूक आयुक्तासंबंधीच्या कलमावर शिब्बनलाल सक्सेना यांनी दुरुस्ती सुचवली: नेमणुकीला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश मताने मान्यता असावी. राष्ट्रपतीची नेमणूक म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांची नेमणूक. उद्याचा सत्ताधारी पक्ष आपलाच माणूस बसवील, ही त्यांची भीती होती. दोन तृतीयांश बहुमतासाठी बहुधा इतर पक्षांचीही संमती मिळवावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी आंबेडकरांनी या शंकेत तथ्य असल्याचे मान्य केले. अयोग्य किंवा सरकारच्या मुठीतील माणूस नेमला जाण्यास मसुद्यात अटकाव नाही, हेही ते बोलले. सक्सेनांची दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. पण नेमणूक संसदेने केलेल्या कायद्याच्या अधीन राहील, असे शब्द आले. तेच आजचे कलम 324(2).

संसदेने हा कायदा 2023 पर्यंत केला नाही. त्या वर्षी 2 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता व सरन्यायाधीश यांची समिती नेमली. डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. म्हणजे तिघांत दोघे सरकारचे.

अशा समितीत विरोधी मताला किंमत किती? 2010 मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्तपदी पी. जे. थॉमस यांची नेमणूक विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांच्या असहमतीनंतरही झाली. 3 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती रद्द केली. एकमत आवश्यक नाही, पण असहमतीची कारणे नोंदवावीत आणि बहुमतानेही ती डावलण्याची कारणे द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले.

आंबेडकरांची भीती राजकीय दबावाची, सक्सेनांची पक्षीय नेमणुकीची. दोन्ही खऱ्या आहेत. उमेदवाराची उघड चौकशी संसदीय समितीने केली, तर यांपैकी कोणती भीती कमी होईल आणि कोणती वाढेल? दोन्ही बाजूंनी कारणे मांडून उत्तर लिहा.