एचआयव्ही, पोटाचा घेर आणि हृदय

एड्सच्या रुग्णाची जुनी ओळख म्हणजे झिजत गेलेली काया. अमेरिकेत १९८१ मध्ये या रोगाची पहिली नोंद झाली, तेव्हापासून दीड दशक डॉक्टरांपुढचा प्रश्न होता तो रुग्णाचे वजन टिकवण्याचा. त्यानंतर मात्र उलटीच तक्रार ऐकू येऊ लागली. हातपाय आणि गाल सुकतात, पण पोट पुढे येते!

मधल्या काळात उपचार बदलले होते. डिसेंबर १९९५ ते मार्च १९९६ या चार महिन्यांत सॅक्विनाव्हिर, रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर ही औषधे अमेरिकेत मंजूर झाली. नव्या विषाणूची जुळणी पूर्ण होण्यासाठी लांब प्रथिनांचे तुकडे व्हावे लागतात. ते करणाऱ्या प्रोटिएज या विकराला ही औषधे रोखतात. जुन्या औषधांच्या जोडीने ती दिल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. साहजिकच, सुटलेल्या पोटाचा दोषही या गोळ्यांवरच आला.

१९९८ मध्ये इंडिनाव्हिर घेणाऱ्यांच्या सी.टी. स्कॅनमध्ये हा मेद त्वचेखाली नसून उदरपोकळीत, आतड्यांभोवती साठलेला दिसला. हा फरक महत्त्वाचा आहे. त्वचेखालचा मेद चिमटीत धरता येतो. आतल्या मेदातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात पोहोचतात. मग रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि हृदयाला धोका निर्माण होतो.

हा धोका २००३ मध्ये मोजला गेला. २३,४६८ रुग्णांच्या पाहणीत, उपचारांच्या पहिल्या चार-सहा वर्षांत दरवर्षी हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सापेक्षतः २६ टक्क्यांनी वाढत गेल्याचे आढळले. याचा अर्थ शंभरांपैकी २६ जणांना झटका आला असा नव्हे. एकूण झटके होते १२६.

मग अधूनमधून गोळ्या थांबवल्या तर? ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांवर हे तपासले गेले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सारेच चकित झाले. गोळ्या थांबवणाऱ्या गटात मृत्यू तर वाढलेच, हृदयविकारही वाढला. म्हणजे खुद्द विषाणूही हृदयाला अपाय करत होता. संसर्गामुळे शरीरात सतत धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांना इजा करतो. औषधाने तो कमी होतो, पण पुरता विझत नाही.

हातपाय सुकण्याचे कारण निराळे निघाले. स्टॅव्ह्युडिनसारखी जुनी औषधे मेदपेशींतील तंतुकणिकांना इजा करत. भारतात एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेल्या मोफत उपचारांतही हे स्वस्त औषध होते. त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवले.

२०२३ मध्ये भारतासह १२ देशांतील ७,७६९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे हृदयरोगाच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटल्या होत्या.

दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणून पहिली दुसरीचे एकमेव कारण ठरत नाही. वर्गात हा नियम आपण उदाहरणांनी शिकवतो. येथे तो विसरून कोणी पोट सुटले म्हणून गोळ्या सोडल्या असत्या, तर ते जिवावर बेतले असते.