काडीमोड आणि वाटणी

पेडगावात माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचा काडीमोड झाला. पंचांनी गवताची काडी मोडली आणि तिला मोकळे केले. वाटणीचा विषयही निघाला नाही. अंगावरचे लुगडे आणि माहेरचा पितळी तांब्या घेऊन ती परतली. "घर त्याचं, वावर त्याचं, माझा निस्ता घाम," असे ती शेवटपर्यंत म्हणे.

आपण अभिमानाने सांगतो की, वरच्या जातींतल्या बाईला सुटका नव्हती तेव्हा आपल्याकडे काडीमोड होता, पाट होता. हे खरे आहे. परंतु सुटका आणि वाटा या वेगळ्या गोष्टी आहेत. पंचायतीने पहिली दिली. दुसरीचा विचार केला नाही.

तो विचार बाबासाहेबांनी केला. 1948 मध्ये प्रवर समितीकडे गेलेल्या हिंदू कोड बिलात स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क होता. हुंडासुद्धा तिचाच, घेणारा केवळ विश्वस्त. बिल रखडले आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे कायदे होऊन आले. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 25 मध्ये पोटगी आहे; कलम 27 मध्ये लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निवाडा आहे. संसारात कमावलेल्या जमिनीत निम्मा वाटा मात्र कुठेच नाही. कलम 29 ने रूढीचा काडीमोडही शाबूत ठेवला.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मिळकत दोघांची निम्मी-निम्मी असते. इकडे 2013 मध्ये पत्नीला नवऱ्याच्या स्थावरात वाटा देणारे विधेयक राज्यसभेने संमत केले; 2014 मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले.

मराठवाड्यात हा प्रश्न गायरानाशी येऊन भिडतो. 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. आमच्या नात्यात असे एक गायरान आहे. तिथले दगड नवरा-बायकोने मिळून वेचले, गावाचा रोष दोघांनी सोसला. सातबाऱ्यावर नाव एकट्या नवऱ्याचे आहे. उद्या काडी मोडली तर ती बाई पुन्हा दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जाईल. जातीने जमीन नाकारली म्हणून लढलेल्या माणसाने घरात तेच करावे, याला काय म्हणायचे?

मी हे कॉलेजात शिकवतो. आमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर आईचे नाव अजून लागलेले नाही. सुरुवात तिथून करायला हवी.