दत्तक: विधवेचा अधिकार आणि भाऊबंदांचे दावे

औरस मुलगा नसलेल्या घरात दत्तक घेण्यामागे दोन निकडी असत. श्राद्ध-तर्पण करायला कोणीतरी हवे, ही पहिली. दुसरी वतन, इनाम आणि वाडा यांची. वारस नसला की भाऊबंद पुढे सरसावत, सरकारचाही डोळा त्या मिळकतीवर असे. म्हणून मृत्युशय्येवर घाईने घेतलेली दत्तके इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात. झाशीच्या गंगाधररावांनी 1853 च्या नोव्हेंबरात मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन दामोदरराव असे नाव दिले, ते असेच.

विधी तसा साधा. जन्मदात्याने मूल हातात द्यायचे, घेणाऱ्याने त्याला मांडीवर बसवून घ्यायचे, ब्राह्मण घरांत दत्तहोम करायचा. पुढे कोर्टात भांडण गेले की सगळा कस या देण्या-घेण्यावर लागे. मूल दिले कोणी, घेतले कोणी, पाहिले कोणी, यावर साक्षीदारांची उलटतपासणी दिवसचे दिवस चाले.

पेशवाईत वतनदार आणि सरदारांना दत्तकासाठी हुजुरांची मंजुरी घेऊन नजर भरावी लागे. पैसे मोजावे लागले तरी घराणे टिके. डलहौसीच्या कारकिर्दीत मात्र मंजुरीच नाकारण्याचे धोरण आले आणि सातारा, झाशी, नागपूर ही राज्ये खालसा झाली. 1857 नंतर ते धोरण सोडून संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा द्याव्या लागल्या. खासगी मिळकतीचे तंटे मात्र इंग्रजी कोर्टांत वाढतच गेले.

त्या तंट्यांच्या मुळाशी वसिष्ठाचे एक वचन होते. पतीच्या अनुज्ञेशिवाय स्त्रीने पुत्र देऊ नये वा घेऊ नये, असा त्याचा आशय. या एका वचनाचे देशभर चार अर्थ झाले. मिथिलेत विधवेला दत्तक घेताच येत नसे, कारण अनुज्ञा देणारा नवरा उरलेला नाही. बंगालात नवऱ्याने हयातीत परवानगी दिलेली असली तर चाले. मद्रासकडे सपिंडांची, म्हणजे नवऱ्याच्या जवळच्या भाऊबंदांची, संमती पुरे होई. महाराष्ट्राने सगळ्यांत उदार अर्थ लावला: हे वचन सधवेपुरते आहे, विधवेला ते बांधत नाही. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ या मताचा मोठा आधार ठरला. पती विभक्त असेल तर विधवेला कोणाच्याही परवानगीवाचून दत्तक घेता येते, हे मुंबई हायकोर्टाने 1868 मध्ये मान्य केले. एकत्र कुटुंबातील विधवेला तोच अधिकार निर्विवाद मिळायला प्रिव्ही कौन्सिलचा 1932 चा निकाल यावा लागला.

हा अधिकार फार मोलाचा होता. एकत्र कुटुंबातील निपुत्रिक विधवेला 1937 पर्यंत मिळकतीत वाटा नव्हता, फक्त अन्नवस्त्र मिळे. दत्तक मुलाची आई झाली की त्याच्या हक्काने ती घरात उभी राहू शके. दीर आणि पुतण्यांचा दत्तकाला विरोध असे तो नेमका यामुळे.

या साऱ्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीने गेले. त्याच दिवशी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबा महाराजांच्या तरुण पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा झाला, पण थोड्याच दिवसांत गेला. मग मृत्युपत्राप्रमाणे विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यायचे ठरले आणि जून 1901 मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. पुण्यास परतल्यावर ताई महाराजांचे मन फिरवले गेले. त्यांनी कोल्हापुरात बाळा महाराजांना दत्तक घेतले आणि औरंगाबादेस दत्तक झालेच नाही अशी भूमिका घेतली.

घरगुती तंटा तिथे थांबला नाही. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून टिळकांना 1903 मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली गेली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च 1904 मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. ताई महाराज 1903 मध्येच वारल्या होत्या, तरी दिवाणी दावा चालूच राहिला. 1906 मध्ये पुण्यात टिळकांच्या बाजूने, 1910 मध्ये हायकोर्टात विरुद्ध, असे निकाल लागले. दुसऱ्या निकालाच्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर मार्च 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक खरे ठरवले. मरणाऱ्या मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी एका माणसाने आयुष्याची चौदा वर्षे खर्ची घातली, ही गोष्ट त्या निकालाइतकीच मोठी आहे.

भाऊबंदांना खरी धास्ती होती ती दत्तकाच्या मागे पोहोचणाऱ्या परिणामाची. दत्तक मुलगा दत्तक पित्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनच अस्तित्वात होता, असे कायदा मानत असे. नवरा जाऊन वीस-पंचवीस वर्षे झाली, जमिनी वाटल्या गेल्या, सातबारावर नावे चढली, आणि मग म्हातारीने कोणाला तरी मांडीवर घेतले, तर वाटण्या मोडू शकत. कुटुंबात असा अधिकार असलेली विधवा आहे तोवर एकत्र कुटुंबाची मिळकत संपुष्टात येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने 1943 मध्ये पाटील घराण्याच्या वतनाच्या दाव्यात ठरवले.

1956 च्या दोन कायद्यांनी ही घडी बदलली. हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला मिळालेली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची केली. दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येईल असे ठरवले, आणि दत्तकाआधी ज्याच्या नावे मिळकत झाली आहे त्याच्याकडून ती काढून घेण्याची सोय बंद केली. पंधरा वर्षांवरील वा विवाहित व्यक्तीला दत्तक घेण्यास याच कायद्याने मनाई केली, मात्र रूढी असल्यास अपवाद ठेवला. मुंबई इलाख्यात लग्न झालेल्या, मुलेबाळे असलेल्या पुरुषालाही दत्तक घेता येई, म्हणून महाराष्ट्रातील दाव्यांत हा अपवाद आजही पुढे केला जातो.