शहर पाहणे आणि शहरात जेवणे

मराठी प्रवासवर्णनांत युरोपातील पावसाळी दिवसाचे एक पान हटकून येते. सकाळपासून आभाळ भरलेले असते, छत्र्या उघडलेल्या असतात, प्रवासी एखादे चर्च आणि एखादे संग्रहालय पाहून घेतो आणि सर वाढली की समोरच्या उपाहारगृहात शिरतो. पुढे मग सूप, पाव, न कळणारी पदार्थांची यादी आणि बिलाचा आकडा. आपण हे पान हसत वाचतो आणि उलटतो. वस्तुतः या पानाच्या दोन भागांचे वय सारखे नाही. शहर पाहणे मराठी माणसाला पहिल्या दिवसापासून जमले. शहरात जेवणे जमायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

पावसाचे या गोष्टीशी नाते आहे. आपल्याकडे पाऊस हा ऋतू आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या अल्लीपूरसारख्या गावात मृगापासून त्याची वाट पाहिली जाते आणि कापसाच्या वेचणीवेळी तो आला तर कोणालाच नको असतो. युरोपात तो असा वेळ ठरवून येत नाही. तो कधीही येतो आणि रस्त्यावरच्या माणसाला आत जायला लावतो. उघडीप असेपर्यंत प्रवासी हा नुसता प्रेक्षक असतो. आत गेला की त्याला कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते, कोणाच्या तरी हातचे खावे लागते. डोळ्यांना विटाळ नव्हता, जिभेला होता.

याचे एक फार जुने उदाहरण १७८१ सालचे आहे. रघुनाथराव पेशव्यांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांचे पारशी सहकारी लंडनला गेले होते. तेथे त्यांची राहण्याची सोय नीट नव्हती. हे पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांना कळले, तेव्हा त्यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि झाडांसाठी बांधलेले काचगृह त्यांच्या हवाली केले. तेथे त्यांनी आपल्या आचाराप्रमाणे स्नान करावे, स्वतःचा स्वयंपाक करावा, ही त्यामागची कल्पना. यजमान उदार होता, पाहुणे कृतज्ञ होते. पण दोघांचे ताट एक नव्हते. एवढे पथ्य पाळूनही परतल्यावर रघुनाथरावांच्या ब्राह्मण वकिलांना शुद्धीसाठी सोन्याच्या योनीतून बाहेर येऊन नवा जन्म घ्यावा लागला, असे त्या काळच्या एका अभ्यासकाने नोंदवून ठेवले आहे.

पुढचे नाव कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे. १८७० साली, वयाच्या विशीत, ते इंग्लंडला गेले. लंडन त्यांनी उत्साहाने पाहिले आणि जे पाहिले ते रोजनिशीत इंग्रजीतून टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर युरोपातील शहरे पाहत ते इटलीत फ्लोरेन्सला पोहोचले. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तेथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कॅशिने उद्यानाच्या टोकाला, खास परवानगी घेऊन रात्री त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. मृतदेह जाळण्याची रीत ज्या शहराला परकी होती, त्या शहराने एका परक्या राजासाठी नदीकाठ मोकळा करून दिला. कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केलेली त्यांची रोजनिशी १८७२ साली लंडनला प्रसिद्ध झाली. १८७४ साली त्या जागी भारतीय घाटाची छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मँट यांची, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला त्यांचीच. आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. शंभर वर्षांनी जवळच आर्नोवर पूल झाला, तो त्या राजावरून ‘इंदियानो’ याच नावाने ओळखला जातो. फ्लोरेन्सच्या पावसात प्रवासी हातातली छत्री सावरत उफीत्सी संग्रहालयाच्या रांगेत उभा असतो. आपल्या भाषेत जिलाही छत्रीच म्हणतात, त्या दगडी छत्रीकडे फारसे कोणी फिरकत नाही.

राजाला जे सोपे होते ते सामान्य विद्यार्थ्याला नव्हते. १८८८ साली मोहनदास गांधी लंडनला निघाले तेव्हा जातीने त्यांना बहिष्कृत केले. लंडनच्या पहिल्याच हॉटेलात त्यांचे तीन पौंड बिल झाले आणि तरी ते उपाशीच राहिले, असे ते आत्मकथेत सांगतात. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवावा, तर पैसे दोन्हींचे भरावे लागत. मग शाकाहारी खाणावळीच्या शोधात ते रोज दहा-बारा मैल चालू लागले. फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली तेव्हा लंडनमधले त्यांचे पहिले पोटभर जेवण झाले. हे चालणे हेच त्यांचे शहर पाहणे ठरले. पुढे ते पॅरिसला गेले. आयफेल टॉवर तेव्हा नुकताच, १८८९ साली, उभा राहिला होता. त्यावरच्या उपाहारगृहात, इतक्या उंचावर जेवलो एवढे म्हणता यावे म्हणून, त्यांनी सात शिलिंग उधळले. याची टोचणीही त्यांनी लिहून ठेवली आहे. १८९१ साली परतल्यावर जातीच्या समाधानासाठी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घालण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्या माणसांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. लंडन दूरच राहिले. वेताळपेठेतला एक पेलाही समुद्राइतका खोल होता.

येथपर्यंतची हकीकत गमावण्याची आहे. परके ताट म्हणजे जात जाण्याची भीती. आपली बहुतेक विवेचने येथेच थांबतात. मात्र ज्याच्याजवळ गमावण्यासारखी जातच नव्हती, उलट जात हेच ज्याच्यावरचे ओझे होते, त्याला ते ताट कसे दिसले असेल?

त्याचे उत्तर बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मिळते. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला आले, आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली पुन्हा गेले. त्या दुसऱ्या मुक्कामात पैसा तुटपुंजा होता. सकाळचा चहापाव, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, रात्री पुन्हा असेच काहीतरी. संग्रहालय त्यांनी पाहिले ते प्रवाशाच्या डोळ्यांनी नव्हे. तेथे त्यांनी पोटाला चिमटा घेऊन वर्षे काढली. पण ते अर्धपोटी जेवण कोणी वरून वाढत नव्हते. पाणी कोणी लांबून ओतत नव्हते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात ते सांगतात की परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती जागी झाली बडोद्याच्या स्टेशनावर, कोठे उतरावे हा प्रश्न पडताच. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या या माणसाला नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. लंडनमध्ये सर आली तर कोणत्याही दाराआड उभे राहता येत होते. मायदेशात छप्पर मिळाले नाही. काही तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले.

एकच मेज एकाची जात घेत होते आणि दुसऱ्याला माणूसपण देत होते. युरोपने हे मेज काही आपल्यासाठी मांडले नव्हते आणि साम्राज्याचा हिशेब त्या मेजाखाली होताच. तरीही या दोन अनुभवांना एकत्र ठेवल्याशिवाय मराठी प्रवासाचा इतिहास पुरा होत नाही. आमच्या वर्धा शहरात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. दर्शन, म्हणजे पाहणे, त्या दिवशी मोकळे झाले. गावच्या पंगतीत शेजारी बसणे त्यानंतरही कितीतरी वर्षे मागे राहिले. पाहणे आधी आणि जेवणे नंतर, हा क्रम केवळ विलायतेचा नाही.

१९६० साली पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपाने आले तोवर परदेशी खाणे हा मराठीत विनोदाचा आणि रसिकतेचा विषय झाला होता. प्रायश्चित्त ओसरले, चव आली. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे ज्या घरात बाबासाहेब राहिले ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज मराठी पर्यटक पावसात भिजत ते पाहायला जातात आणि नंतर जवळपास कोठेतरी जेवतात, कोणाच्या शेजारी बसलो हे न विचारता. हे न विचारणे आपण लंडनहून घरी किती आणले, याचे उत्तर प्रवासवर्णनात मिळणार नाही. ते गावातल्या पुढच्या पंगतीतच पाहावे लागेल.