पोषणविचार आणि वैद्यकीय शिक्षण : रॉजर विल्यम्स यांचा युक्तिवाद

प्रथम दोन संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. पेशीला तिच्या क्रियांसाठी लागणारी द्रव्ये पुरेशा प्रमाणात मिळणे म्हणजे पोषण. आहार हे त्याचे केवळ साधन होय. ज्या प्रमाणाखाली त्या क्रिया मंदावतात, ते प्रमाण म्हणजे गरज. उटकमंड येथे मिशनरी कुटुंबात जन्मलेले अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉजर विल्यम्स (१८९३–१९८८) यांचे कार्य या दोन संज्ञांवर आधारलेले असून त्याच्या तीन अवस्था आहेत.

पहिली अवस्था शोधाची. यीस्टच्या वाढीला आवश्यक घटकांचा मागोवा घेताना त्यांनी १९३३ मध्ये पॅन्टोथेनिक आम्ल उजेडात आणले. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात सहकाऱ्यांसह सुमारे चार टन पालकापासून फॉलिक आम्लाचा संहत अंश मिळवला. यीस्टला लागणारे असे घटक मनुष्याच्या पेशींनाही लागतात. म्हणून पोषण हा प्रत्येक पेशीचा प्रश्न ठरतो.

दुसरी अवस्था भेदाची. निरोगी व्यक्तींमध्येही अवयवांची रचना व विकरांचे प्रमाण भिन्न असते, हे त्यांनी १९५६ च्या 'बायोकेमिकल इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी' या ग्रंथात मांडले. त्यावरून सरासरी गरज समूहाची असते, व्यक्तीची नव्हे, हे प्राप्त होते.

तिसरी अवस्था शिक्षणाची. १९७१ च्या 'न्यूट्रिशन अगेन्स्ट डिसीज' या ग्रंथात त्यांनी वैद्यकीय शिक्षणातील पोषणाच्या उपेक्षेवर टीका केली. पूर्वोक्त दोन सिद्धान्तांवरून तिचे समर्थन असे करता येते : (१) प्रत्येक पेशी पोषणावर अवलंबून आहे, (२) गरज व्यक्तीगणिक बदलते, (३) म्हणून केवळ सरासरी गरजेच्या कोष्टकावरून निर्णय होत नाही, रुग्ण तपासावा लागतो, (४) तपासणारा डॉक्टर असतो, (५) म्हणून डॉक्टरला पोषणशास्त्र येणे अनिवार्य आहे.

हे काम आहारतज्ज्ञाचे आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु आहारयोजना निदानानंतर येते. रोगकारणांच्या विचारात डॉक्टरने पोषण धरलेच नाही, तर रुग्ण आहारतज्ज्ञापर्यंत पोहोचतच नाही.

येथे एक मर्यादा नोंदवली पाहिजे. मद्यासक्तीवर विल्यम्स यांनी सुचवलेल्या ग्लुटामिनच्या उपचाराला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मात्र वरील अनुमान त्या उपचारावर अवलंबून नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनेही वैद्यकीय अभ्यासक्रमात पोषणासाठी किमान २५ तासांची शिफारस केली.

तासांइतकेच त्यांचे अभ्यासक्रमातील स्थानही महत्त्वाचे आहे. भारतात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी पॅन्टोथेनिक आम्ल 'कोएन्झाइम ए'चा घटक म्हणून शिकतो. तेच ज्ञान पुढे रुग्णाच्या खाटेपाशी पुन्हा शिकवले गेले, तरच ते निदानाचे साधन होते.